व्योर्गलचं एक वर्ष: मंदीतली एक छोटी नगरपालिका आणि तिने छापलेले कागद



१९२९ नंतरच्या जागतिक मंदीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारापासून सुरुवात करतो. मग लंडन येतं, बर्लिन येतं, मोठमोठे अर्थमंत्री येतात. आज मी तुम्हाला चार-सव्वाचार हजार वस्तीच्या एका गावाच्या वर्षभराचा हिशेब सांगणार आहे. या गावाच्या हातात चलन नव्हतं, बँक नव्हती, जकातीचं धोरण नव्हतं. हातात होती फक्त नगरपालिका, आणि तिची तिजोरी रिकामी. अशा नगरपालिकेला एका वर्षात काय करता येतं, आणि कुठे तिचे हात बांधले जातात, हा आजचा प्रश्न आहे.

गावाचं नाव व्योर्गल. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, इन नदीच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंना आल्प्सचे डोंगर. शहराचा दर्जा त्याला मिळाला तो बराच नंतर, १९५१ मध्ये. आपल्या गोष्टीच्या वेळी ती बाजारपेठ असलेली एक लहान वस्ती होती. पण रेल्वेच्या नकाशावर तिला महत्त्व होतं. कुफ्श्टाइन ते इन्सब्रुक ही लाइन १८५८ मध्ये झाली, आणि १८७५ मध्ये साल्झबुर्गकडून डोंगरातून येणारी लाइन तिथे येऊन मिळाली. म्हणजे व्योर्गल जंक्शन झालं. जंक्शन म्हटलं की काय येतं, ते आपल्याला मनमाड, दौंड, भुसावळवरून ठाऊक आहे. रेल्वेचे कामगार येतात, त्यांच्या संघटना येतात, आसपास कारखाने येतात. व्योर्गलच्या परिसरात सिमेंटचा कारखाना होता, कागदासाठी लागणाऱ्या लगद्याचा कारखाना होता. बाकीचा टिरोल म्हणजे शेतकरी, चर्च आणि पुराणमतवादी राजकारण. त्यात हे रेल्वेवाल्यांचं गाव म्हणजे वेगळंच बेट.

आता मंदी गावात कशी येते ते बघा. व्हिएन्नातली क्रेडिटआनस्टाल्ट ही ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी बँक. रोथशील्ड घराण्याने १८५५ मध्ये काढलेली. मे १९३१ मध्ये तिने आपला प्रचंड तोटा जाहीर केला आणि मध्य युरोपातला सगळा पतव्यवहार हादरला. कारखान्यांना कर्ज मिळेना, मालाला गिऱ्हाईक मिळेना. १९३३ पर्यंत ऑस्ट्रियात जवळजवळ दर चौथा कामगार बेकार होता. व्योर्गल गावात बेकारांची संख्या साडेतीनशेच्या पुढे गेली, आजूबाजूचा परिसर धरला तर सुमारे दीड हजार.

पण नगरपालिकेच्या दृष्टीने खरी अडचण याच्या पुढची आहे. ऑस्ट्रियात बेकारभत्ता होता, पण तो ठरावीक काळापुरता. ती मुदत संपली की माणूस सरकारी यादीतून बाहेर पडायचा. बाहेर पडून जाणार कुठे? गरिबांना सांभाळण्याची जबाबदारी शेवटी गावावर. म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं संकट पायऱ्या उतरत उतरत नगरपालिकेच्या दारात येऊन बसतं. आणि त्याच वेळी नगरपालिकेचं उत्पन्न आटतं, कारण दुकानदाराचा धंदा बसला की तो कर थकवतो. खर्च वाढतो, उत्पन्न घटतं. व्योर्गलवर सुमारे तेरा लाख शिलिंगांचं कर्ज होतं, त्याचं व्याजसुद्धा भरणं जड झालेलं. आणि लोकांकडे करांची थकबाकी होती १,१८,००० शिलिंग. हा थकबाकीचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

१९३१ च्या अखेरीस गावाला नवा महापौर मिळाला. मिखाएल उंटरगुगेनबेर्गर. जन्म १८८४ चा, जवळच्याच हॉपफगार्टनचा. रेल्वेत मेकॅनिक, कामगार संघटनेतला माणूस, सोशल डेमोक्रॅट पक्षाचा. नाव लांबलचक आहे, तेव्हा मी त्याला यापुढे नुसतं महापौर म्हणेन. याला वाचनाचा नाद होता, आणि त्याच्या वाचनात एक विचित्र लेखक आला होता, सिल्व्हिओ गेसेल.

गेसेल हा व्यापारी. १८६२ चा जन्म, तरुणपणी अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला जाऊन धंदा केलेला. तिथल्या चलनाच्या गोंधळातून त्याला एक गोष्ट सुचली. तो म्हणायचा, बटाटे सडतात, लोखंड गंजतं, कापडाला कसर लागते. विकणाऱ्याला घाई असते. पैसा मात्र सडत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा आहे तो थांबू शकतो. भाव आणखी पडतील म्हणून तो पैसा दाबून ठेवतो, आणि सगळ्यांनी तसं केलं की बाजार ठप्प होतो. उपाय काय? पैशालाही गंज लावा. नोट जवळ ठेवली तर तिचं मोल हळूहळू कमी व्हावं, म्हणजे माणूस ती लवकर खर्च करील. १९१९ मध्ये म्युनिकमध्ये औटघटकेचं क्रांतिकारी सरकार आलं, त्यात गेसेल आठवडाभर अर्थखात्याचा प्रमुख होता. त्यातून त्याच्यावर खटला झाला, तो सुटला. १९३० मध्ये तो वारला. व्योर्गलचा प्रयोग त्याने पाहिला नाही.

कल्पना नुसती पुस्तकात नव्हती. १९३१ मध्ये बव्हेरियातल्या श्वानेनकिर्शेन या खेड्यात बंद पडलेली एक कोळशाची खाण अशाच गंजणाऱ्या कागदावर पुन्हा सुरू झाली होती. खाणमालकाने मजुरी त्या कागदात दिली, दुकानदारांनी तो घेतला. जर्मन सरकारने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. म्हणजे आमच्या महापौरापुढे उदाहरण होतं, आणि त्या उदाहरणाचा शेवटही होता.

जुलै १९३२ च्या सुरुवातीला त्याने गावच्या समितीपुढे योजना मांडली. त्याआधी त्याने एक काम केलं, जे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही. तो माणसांना जाऊन भेटला. छोटे कारखानदार, दुकानदार, विरोधी पक्षाचे लोक. या कागदांच्या विश्वस्तांमध्ये गावचा कॅथलिक धर्मगुरूसुद्धा होता. लक्षात घ्या, हा ऑस्ट्रिया आहे, जिथे समाजवादी आणि कॅथलिक पक्ष एकमेकांच्या विरुद्ध सशस्त्र दलं बाळगून होते. त्या देशात एका समाजवादी महापौराच्या कागदाला धर्मगुरूची साथ मिळाली. गावात विश्वास बसला तो आधी माणसांवर, मग कागदावर.

३१ जुलै १९३२ ला पहिले कागद बाहेर आले. १, ५ आणि १० शिलिंगांचे. त्यांना नोट म्हणायचं नाही हं! नाव होतं ‘केलेल्या कामाची पावती’ अशा अर्थाचं, कारण नोट काढायचा अधिकार फक्त राष्ट्रीय बँकेला. व्यवस्था अशी होती. एक, जेवढे कागद बाहेर, तेवढे खरे शिलिंग गावच्या सहकारी पतपेढीत ठेव म्हणून ठेवायचे. दोन, ज्याला खरे पैसे हवे असतील त्याला दोन टक्के कापून बदलून मिळतील. तीन, दर महिन्याला कागदाच्या एक टक्का किमतीचं तिकीट विकत घेऊन त्यावर चिकटवायचं, नाहीतर कागद पूर्ण किमतीला चालणार नाही. एका शिलिंगाला एक ग्रोशन, दहाला दहा. या तिकिटांचं उत्पन्न गरिबांच्या मदतनिधीत. आणि चार, सगळ्यांत महत्त्वाचं, नगरपालिका स्वतःचा कर या कागदात पूर्ण किमतीला घेणार.

पहिली खेप होती फक्त हजार शिलिंगांची. रस्त्यांवर काम करणाऱ्यांना त्यातून मजुरी मिळाली. नगरपालिकेच्या नोकरांना, खुद्द महापौरालाही, आधी निम्मा आणि पुढे पाऊण पगार याच कागदांत. मजुराने ते दुकानात नेले. दुकानदाराला महिनाअखेरीला तिकीट लावायचं नव्हतं, म्हणून त्याने धावत जाऊन आपला थकलेला कर भरला. नगरपालिकेने तोच कागद पुन्हा मजुरीत दिला. तिसऱ्याच दिवशी खजिनदार घाबरून महापौराकडे आला, असं सांगतात. हजार दिले आणि पाच हजारांवर वसूल झाले, म्हणजे कुणीतरी खोटे छापले असणार! खोटे कुणीच छापले नव्हते. तेच कागद पुनःपुन्हा येत होते.

पुढच्या तेरा-साडेतेरा महिन्यांत गावाने काय केलं? मुख्य रस्ता आणि इतर रस्ते नीट झाले. गटारं झाली. रस्त्यावर दिवे लागले. एक पूल झाला, हा मोकळ्या पैशावर बांधला असं त्यावर लिहिलं गेलं. गरजूंसाठी स्वयंपाकघर चाललं. आणि टिरोलच ते, म्हणून बर्फावरून उडी मारायचा एक उतारसुद्धा बांधला. शेजारच्या किर्शबिशल गावाने जानेवारी १९३३ मध्ये हीच पद्धत उचलली. बाकी देशात बेकारी चढत होती, तेव्हा व्योर्गलमध्ये ती उतरली.

आता इथे थांबून जरा हिशेब तपासायला हवा. इतिहासाच्या माणसाने ‘चमत्कार’ हा शब्द ऐकला की आधी वही उघडावी.

छापले गेले होते एकूण ३२,००० शिलिंगांचे कागद. पण एका वेळी बाहेर फिरत होते ते सरासरी साडेपाच हजारांच्या आसपास. चार हजारांच्या गावात माणशी सव्वा-दीड शिलिंग! एवढ्याशा रकमेने गाव उभं राहिलं म्हणजे ती जादू, असं गेसेलचे चाहते म्हणतात. तो कागद किती वेळा फिरला याचे मोठमोठे आकडे ते देतात. पण दुकानातून दुकानात, हातातून हातात जाणाऱ्या कागदाची मोजणी कुणी वहीत लिहून ठेवत नसतं. असे आकडे अंदाजाचे असतात. त्यावर इमारत उभी करू नये.

दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे: जेवढे कागद तेवढे शिलिंग पतपेढीत ठेवलेच होते ना? मग तेच शिलिंग सरळ मजुरीत का नाही दिले? कागदाचा खटाटोप कशाला?

याचं उत्तर मला त्या थकबाकीत दिसतं. शिलिंग मजुराच्या हातात दिला असता तर एकदा खर्च झाला असता. मग तो इन्सब्रुकच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेला असता, किंवा घाबरलेल्या माणसाच्या गादीखाली. गावात परत यायचं त्याला काही कारण नव्हतं. कागद मात्र गावाबाहेर फारसा चालत नव्हता. रेल्वे आणि पोस्ट ही सरकारी खाती तो घेत नव्हती. त्यामुळे ज्याच्या हातात कागद आहे त्याच्यापुढे वाटा तीनच: गावातच खरेदी कर, दोन टक्के सोडून बदलून घे, किंवा कर भर. आणि कराची थकबाकी तर प्रत्येक दुकानदाराच्या डोक्यावर होतीच. महिन्याचं तिकीट हा मागून मारलेला टोला. खरी ओढ होती ती समोरची, नगरपालिकेच्या खिडकीची.

म्हणजे १,१८,००० शिलिंगांची जी थकबाकी कागदोपत्री बुडीत दिसत होती, ती या पद्धतीने कामात बदलली. लोकांनी देणं असलेला कर वसूल झाला, आणि वसूल होताच रस्त्यात, गटारात, दिव्यांत गेला. कागदामागे खरं सोनं काय होतं, तर गावाचा कर वसूल करायचा हक्क. हे मान्य केलं की प्रयोगाचं मोठेपण कमी होत नाही, पण त्याची मर्यादाही दिसते. जुनी थकबाकी एकदाच वसूल होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाच वेग राहिला असता का? तसं ठरवायला लागणारी वर्षं त्या गावाला मिळालीच नाहीत.

तुलनेसाठी अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. आयोवा राज्यातल्या हॉवर्डन गावात, त्याच १९३२ च्या शरद ऋतूत, चार्ल्स झिल्स्ट्रा नावाच्या माणसाच्या पुढाकाराने तिकिटांचे कागद निघाले. पण तिथे तिकीट महिन्याला नव्हतं, प्रत्येक व्यवहाराला होतं. कागद दुसऱ्याला द्यायचा की तिकीट लावा. फरक कळतोय ना? व्योर्गलमध्ये थांबणाऱ्याला दंड होता. हॉवर्डनमध्ये देणाऱ्याला दंड होता. दिसायला दोन्ही कागद सारखेच, पण परिणाम उलटा. येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी या सगळ्या कागदांवर १९३३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि व्योर्गलची मासिक तिकिटाची पद्धत बरी ठरवली. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटमध्ये देशभर असे कागद काढायचं विधेयकही आलं होतं. ते मंजूर झालं नाही.

आता शेवटाकडे येऊ. १९३३ च्या उन्हाळ्यापर्यंत ऑस्ट्रियातल्या अनेक गावांनी व्योर्गलची चौकशी सुरू केली. महापौर व्हिएन्नाला गेला, इतर गावांच्या प्रमुखांपुढे बोलला. एका गावाने केलेली गोष्ट चालवून घेता येते, शंभर-दीडशे गावांनी केली तर तो समांतर चलनाचा कारखाना होतो. राष्ट्रीय बँकेने हरकत घेतली: नोटा काढायचा एकाधिकार कायद्याने आमचा आहे.

बँकेला नुसतं खलनायक करून चालणार नाही. ऑस्ट्रियाने दहाच वर्षांपूर्वी आपलं चलन डोळ्यांदेखत मरताना पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर क्रोन कोसळला. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाकडून कर्ज घेऊन, परकीय देखरेख सोसून देश सावरला. १९२५ मध्ये शिलिंग आला तो दहा हजार क्रोनांना एक असा. तो इतका स्थिर ठेवला की लोक त्याला आल्प्सचा डॉलर म्हणायचे. ज्यांनी महागाईची ती आग पाहिली, त्यांना गावोगाव कागद छापायची कल्पना भीतिदायक वाटली तर नवल नाही. पण दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकायचं? १९३३ मध्ये ऑस्ट्रियात भाव चढत नव्हते, पडत होते. आजार बदलला होता, औषध तेच राहिलं. शिवाय राजकारण होतंच. मार्च १९३३ पासून चान्सलर डॉलफुस संसदेविना राज्य करत होता आणि सोशल डेमोक्रॅट पक्ष त्याच्या डोळ्यांत खुपत होता.

सप्टेंबर १९३३ मध्ये कागद बंद करावे लागले. गावाने व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागितली, नोव्हेंबरमध्ये ती फेटाळली गेली. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात यादवी झाली, पक्षावर बंदी आली आणि महापौराचं पदही गेलं. १९३६ मध्ये तो वारला. त्याच वर्षी केन्सचा ‘जनरल थिअरी’ हा ग्रंथ आला. त्यात केन्सने गेसेलची दखल आदराने घेतली आणि त्याच्या सिद्धांतातली उणीवही दाखवली: नोटेला गंज लावला तर लोक साठवणुकीसाठी दुसरं काहीतरी शोधतील, परकीय चलन, दागिने, मौल्यवान धातू. सोन्याच्या बाबतीत आपल्या घरांना ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या प्रयोगाची मुळं पुढेही फुटत राहिली. १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेसेलच्या अनुयायांनी छोट्या व्यावसायिकांची ‘वीर’ ही संस्था काढली, ती आज बँक म्हणून चालू आहे. २००३ मध्ये बव्हेरियात ‘किमगाउअर’ हा स्थानिक कागद सुरू झाला. आणि २०१४ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने आपल्याकडे ठेवलेल्या ठेवींवर व्याज देण्याऐवजी उलटं व्याज कापायला सुरुवात केली. पैसा दाबून ठेवणाऱ्याला दंड! ऐंशी वर्षांपूर्वी ज्या विचारासाठी एका गावाला न्यायालयात हार पत्करावी लागली, तो विचार मध्यवर्ती बँकेच्या दालनात सूटबूट घालून आला.

मग या वर्षाच्या हिशेबातून आपण काय घ्यायचं? आपल्या नगरपालिकेने उद्या कागद छापावेत असं मी म्हणत नाही. कायदा तर सोडाच, पण व्योर्गलची परिस्थितीच वेगळी होती: पडते भाव, रिकामे हात, आणि एकमेकांना ओळखणारं लहान गाव. घ्यायची गोष्ट दुसरी आहे. मंदीच्या काळात बहुतेक नगरपालिका एकच करतात: उत्पन्न नाही, म्हणून काम बंद. व्योर्गलने आपल्याकडे काय नाही ते मोजायच्या आधी काय आहे ते मोजलं. बेकार पण काम येणारी माणसं होती. करायची कामं होती, खडी होती, रस्ते होते. वसूल न झालेला कर होता. या तिन्ही गोष्टी एकाच गावात शेजारी शेजारी पडून होत्या आणि त्यांना जोडणारा दुवा तेवढा नव्हता. एका रेल्वे मेकॅनिकने तो जोडून दाखवला. गाडी सव्वा वर्ष चालली, मग वरून सिग्नल पडला.

पण त्या सव्वा वर्षात ज्याने मजुरी घरी नेली, त्याच्या लेखी तो प्रयोग नव्हता. ती मजुरी होती, आणि त्या मजुरीवर घरातली चूल पेटत होती. रस्ते झाले ते झाले. कागद रद्द करता आले, रस्ते रद्द करता आले नाहीत.

आज इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.